मावळातला नत्र : राबापासून ढोबळी मिरचीपर्यंत

जुलै महिन्यात पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसावे आणि तळेगाव मागे पडले की खिडकीबाहेर पाहत राहावे. वडगाव, कान्हे, कामशेत अशी स्टेशने येत जातात तसतसा पाऊस वाढत जातो. दोन्ही बाजूंना भातखाचरे तुडुंब भरलेली असतात. डोक्यावर इरल्याऐवजी आता प्लास्टिकचा कागद असतो, पण वाकून आवणी करणाऱ्या बायकांची रांग तीच. मधूनच पांढुरक्या, कमानदार छपराचे एखादे हरितगृह दिसते. आडवाटेने पवनानगरकडे गेलात तर अशी हरितगृहे बरीच भेटतील. बहुतेकांत गुलाब असतो, काहींत जरबेरा आणि काहींत ढोबळी मिरची. बाहेर सरींवर सरी कोसळत असतात आणि आत माणूसभर उंचीची, दोरीला बांधलेली झाडे पाण्याचा एकेक थेंब नळीतून घेत उभी असतात. कोरड्या मुलखातले ठिबक सिंचन एवढ्या पावसात काय करते, असा प्रश्न कोणत्याही विद्यार्थ्याला पडावा. पडला नाही तर शिक्षकांनी तो पाडावा.

उत्तर पाण्यात नाही, पाण्यातून जे दिले जाते त्यात आहे. एक साधा हिशेब करून पाहू. दहा गुंठ्यांचे हरितगृह घ्या. त्यात ढोबळी मिरचीची सुमारे अडीच हजार झाडे बसतात. हंगाम चांगला गेला, प्रत्येक झाडाने चार किलो फळ दिले, तर उत्पादन दहा टन होते. एक टन फळ तयार होताना झाड मातीतून साधारण तीन किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, उचलते. पान, खोड, फळ सगळे धरून. म्हणजे दहा टनांना तीस किलो. युरियात नत्र ४६ टक्के असते. तेव्हा पंचेचाळीस किलोच्या दीड पोत्यात साऱ्या पिकाचा नत्र आला!

मग शेतकऱ्याने दीड पोते युरिया एकदाच टाकून मोकळे का होऊ नये? कारण हे तीस किलो झाडाला तीनशे दिवसांत हवे असतात. दिवसाला शंभर ग्रॅम, आणि ते अडीच हजार झाडांत वाटलेले. एका झाडाच्या वाट्याला रोज चाळीस मिलिग्रॅम येतात. भाताच्या दोन, फार तर तीन दाण्यांचे वजन असते तेवढे. (ही सरासरी झाली. रोप लहान असताना गरज कमी, फळे लागल्यावर जास्त.) हे दोन-तीन दाण्यांएवढे नत्र रोज मुळाशी असले पाहिजे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, एकट्या जुलैतच हजारापेक्षा जास्त. पूर्वेला तळेगावकडे तो झपाट्याने उतरत जातो. अशा प्रदेशात मुळाशी नत्र टिकवून धरणे ही आजची अडचण नाही. मावळच्या शेतीला ती पहिल्यापासून आहे. ढोबळी मिरचीच्या डोक्यावरचे छप्पर हे तिच्यावरचे सर्वांत अलीकडचे उत्तर. जुने उत्तर होते राब.

ज्या शिक्षकांनी राब पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. भाताचे रोप जिथे करायचे त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण किंवा गोवऱ्या पसरतात, त्यावर झाडाचा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवतात. अशाने ज्वाळा उठत नाहीत, ढीग धुमसत धुमसत सावकाश जळतो आणि खालची माती चांगली भाजून निघते. पहिल्या पावसानंतर त्या राखेत बी पेरतात. रोप जोमदार, काळसर हिरवे येते. राब न भाजलेल्या तुकड्यातले रोप शेजारी ठेवले तर फरक लहान पोरालाही कळतो.

टहाळ येतो तो जंगलातून, विशेषतः ऐनाच्या झाडांचा. आणि इथेच भांडण सुरू झाले. १८७८च्या कायद्याने सह्याद्रीतली बरीच जंगले सरकारी अखत्यारीत गेली. फांद्या तोडण्यावर बंधने आली. जंगलखात्याच्या दृष्टीने राब म्हणजे चांगल्या झाडांची नासाडी, आणि तीही जाळून टाकण्यासाठी. शेतकऱ्याच्या दृष्टीने राबाला बंदी म्हणजे भाताला बंदी. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहून पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर जी टीका आहे, तिच्यामागे अशाच हक्कांचा प्रश्न होता. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५मध्ये मुंबई सरकारला एक वन आयोग नेमावा लागला. राब आणि टहाळ हे त्याच्यापुढचे एक मुख्य प्रकरण होते.

या वादात एक शास्त्रीय कोडे दडलेले होते आणि ते खरोखर सुंदर आहे. पानांत नत्र असते. पाने जाळली की त्यातले जवळजवळ सारे नत्र वायुरूपाने उडून जाते. राखेत पोटॅश राहते, चुना राहतो, थोडा स्फुरद राहतो, नत्र राहत नाही. आणि रोपाचा तो काळसर हिरवा रंग तर नत्र भरपूर मिळाल्याची खूण! मग जे जाळून टाकले ते रोपाला मिळाले कुठून?

हे कोडे समजण्यासाठी जरा युरोपात डोकावले पाहिजे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८४०मध्ये मांडले होते की वनस्पतीला मातीतून हवे ते खनिज, म्हणजे राखेत उरते ते. नत्राचे फारसे काही नाही, ते हवेतल्या अमोनियातून पुरेसे मिळते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३पासून गव्हाचे प्रयोग लावले आणि दाखवले की नुसती राखेतली खनिजे देऊन गहू फारसा वाढत नाही, त्याला नत्र घालावेच लागते. लीबिग खरा असता तर राबाचा खुलासा सोपा होता : राख हेच खत. पण वाद नत्राच्या बाजूने निकालात निघाला आणि राब अधिकच गूढ झाला. १८८९मध्ये भारतीय शेतीची पाहणी करायला जे. ए. व्होल्कर हा इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञ आला. त्याचा अहवाल १८९३मध्ये निघाला. त्यातही राबाचा विचार गांभीर्याने केलेला आहे.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन १९०७मध्ये पुण्याला आले. आपल्याकडे ते आठवले जातात ते दख्खनच्या खेड्यांच्या आर्थिक पाहणीमुळे. पण ते मुळात रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या दोन सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या राब पद्धतीचा अभ्यास केला आणि १९१२मध्ये तो शेतकी खात्याच्या रसायन विभागाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. (हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे मोठे जाणकार म्हणून प्रसिद्ध झाले.) नुसत्या राखेने राबाचा हिशेब लागत नाही, मातीला बसलेल्या उष्णतेचे काम त्यात मोठे आहे, हा त्यांच्या कामाचा रोख होता. योगायोग असा की थोडे आधी, १९०९मध्ये, रॉथमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांना तापवलेल्या मातीत हेच दिसले होते. माती तापवली की तिच्यातला अमोनिया वाढतो आणि पीक सुधारते.

आज आपल्याला यामागची गोष्ट बरीच स्पष्ट आहे. मातीतले बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थांत आणि असंख्य सूक्ष्मजीवांच्या शरीरांत अडकलेले असते. उष्णतेने यातले पुष्कळ जीव मरतात. त्यांच्या शरीरांतले नत्र मोकळे होते. उरलेले आणि नव्याने वाढणारे जिवाणू ते मेलेले अवशेष खाऊन अमोनिया बाहेर टाकतात. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू उष्णतेला विशेष नाजूक असतात. ते सावरेपर्यंत नत्र अमोनियाच्याच रूपात राहते. हे शेवटचे पावसाळी मावळात फार मोलाचे, का ते पुढे येईलच. म्हणजे नत्र टहाळातून आलेच नाही. टहाळाने फक्त उष्णता पुरवली. नत्र होते त्याच मातीत. शिवाय तणाचे बी भाजून मेले हा वरचा फायदा.

जंगलखाते म्हणत होते की जळताना खत वाया जाते, ते रसायनाच्या दृष्टीने खरे होते. शेतकरी म्हणत होता की भाजल्याशिवाय रोप येत नाही, तेही खरे होते. अडाणी कोणीच नव्हता. मात्र एकाच्या हातात कायदा होता आणि दुसऱ्याच्या हातात नुसता कोयता.

शाळेत हे करून पाहता येईल. एकाच शेतातली माती तीन कुंड्यांसाठी घ्या. एकीत तशीच भरा, दुसरीत मूठभर लाकडाची राख मिसळा, तिसरीतली माती अगोदर तव्यावर अर्धा तास परतून थंड करून भरा. तिन्हीत भात पेरा. तापवलेल्या मातीत कधी कधी उगवण जरा रेंगाळते, घाबरू नका. दोन-तीन आठवड्यांनी पानांचा रंग पाहा आणि मुलांना आधी काय वाटले होते ते वहीत लिहून ठेवायला सांगा. माती मोकळ्या हवेत परता, वासाने वर्ग रिकामा होतो.

मॅन यांचे काम चालू होते त्या वर्षांत लोणावळ्याला दुसरेच काही घडत होते. टाटांनी वळवण आणि शिरवत्याची धरणे बांधायला घेतली होती. त्या पाण्यावर खोपोलीला तयार झालेली वीज १९१५मध्ये मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. तेव्हा नॉर्वेत धबधब्यांच्या विजेने हवेतून ठिणग्या सोडून नायट्रेट खत बनवण्याचे कारखाने चालत होते. मावळच्या पाण्याने कापड विणले, खत बनवले नाही. अर्थात ती नॉर्वेची रीत विजेला फार खादाड होती आणि टिकलीही नाही. फ्रित्झ हाबरने १९०९मध्ये प्रयोगशाळेत हवेतले नत्र आणि हायड्रोजन यांचा प्रचंड दाबाखाली, उत्प्रेरकाच्या साहाय्याने अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉशने त्याचा कारखाना केला आणि १९१३मध्ये ओपाऊ येथे तो सुरू झाला. आपल्याकडे हे तंत्र मोठ्या प्रमाणावर आले ते सिंद्रीच्या कारखान्याबरोबर, १९५१मध्ये. तुर्भ्याचा खत कारखाना १९६५चा. त्यानंतर मावळच्या बांधावर पांढऱ्या दाण्यांची पोती दिसू लागली. आता नत्रासाठी जंगलात जायला नको होते.

पण पोते आले आणि आंबेमोहोर आडवा झाला. मावळचा हा सुवासिक भात उंच वाढणारा. नत्र जास्त मिळाले की आणखी उंच होतो, ताट मऊ पडते आणि लोंबी भरायच्या वेळी वाऱ्या-पावसात लोळतो. लोळलेला भात चिखलात उगवतो किंवा कुजतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात या आंबेमोहोराची ‘१५७’ ही निवड आणि फिलिपाइन्सच्या संस्थेने १९६६मध्ये काढलेली बुटकी ‘आय. आर. ८’ यांचा संकर करून ‘इंद्रायणी’ हा वाण तयार झाला आणि १९८७मध्ये तो प्रसारित झाला. मूळ आंबेमोहोराचा वास त्यात पुरता आला नाही असे जुने लोक म्हणतात, आणि मला ते पटते. पण नत्र पचवून उभा राहणारा भात मावळाला मिळाला. आज पुणे-मुंबई रस्त्यावर ‘इंद्रायणी तांदूळ मिळेल’ अशा पाट्या दिसतात, त्यामागे ही खटपट आहे.

उभे राहण्याचा प्रश्न सुटला, टिकण्याचा नाही. खाचरात फेकलेल्या युरियाचे निम्म्याहून अधिक नत्र पिकाला मिळतच नाही. याचे कारण विद्युतभारात आहे, आणि नववी-दहावीच्या मुलांना ते सहज समजते. युरियाचे मातीत दोन-चार दिवसांत अमोनियम होते. अमोनियमवर धन भार असतो, मातीच्या कणांवर ऋण भार, त्यामुळे ते कणांना धरून राहते. पण हवा मिळाली की जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार. माती त्याला धरत नाही, पाण्याबरोबर ते खाली निघून जाते. (राबात नायट्रेट करणारे जिवाणू मेल्याचा फायदा आता लक्षात येईल.) भाताच्या खाचरात तर आणखी गंमत आहे. पाण्याखालच्या मातीचा वरचा काही मिलिमीटरचा थर तेवढा प्राणवायू मिळवतो, खालचा चिखल प्राणवायूवाचून असतो. वरच्या थरात नायट्रेट बनते, ते खाली झिरपते, आणि खालचे जिवाणू त्यातला प्राणवायू काढून घेऊन नत्र पुन्हा वायुरूपाने हवेत सोडतात. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइडचा असतो. वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट प्रभावी आहे. ओपाऊपासून तुर्भ्यापर्यंत एवढा खटाटोप करून हवेतून खाली ओढलेले नत्र असे दोन आठवड्यांत परत वर जाते.

यावर उपाय म्हणजे खत वरच्या थरात पडूच न देणे. मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी महाराष्ट्रातल्या लहान भात उत्पादकांसाठी जी ‘चारसूत्री’ पद्धत मांडली, तिचे चौथे सूत्र हेच होते. युरिया आणि डीएपी यांची दाबून केलेली, २.७ ग्रॅम वजनाची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात हाताने खोचायची, आवणीच्याच दिवशी. तिथे प्राणवायू नाही, म्हणून नायट्रेट होत नाही, आणि अमोनियम मुळांशेजारी बसून राहते. पहिल्या सूत्रात रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख आहे. जंगलाचा टहाळ गेला तरी राख परत आली, यावेळी सिलिकासाठी. दुसऱ्यात गिरिपुष्पाचा पाला आहे, तो जाळायचा नाही, गाडायचा.

पद्धत उत्तम. पण हेक्टरला साडेबासष्ट हजार ब्रिकेटी लागतात, एकराला पंचवीस हजार. वजनाने त्या हेक्टरी १७० किलोसुद्धा भरत नाहीत. एवढ्या वेळा कोणाचा तरी हात चिखलात सात सेंटिमीटर जायला हवा, आणि तो हात जवळजवळ नेहमी बाईचा असतो. आवणीच्या दिवसांत मावळात मजूर मिळत नाहीत, कारण तळेगाव-चाकणचे कारखाने बाराही महिने पगार देतात. शास्त्रज्ञांच्या परिषदांतून या अडचणीवर जितके बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही, असे माझे मत आहे.

आता पुन्हा हरितगृहाकडे येऊ. १९९१नंतरच्या दशकात निर्यातीच्या फुलांसाठी मावळात हरितगृहे उभी राहू लागली. मुंबईचा विमानतळ जवळ आणि हवा माफक थंड, हे त्याचे कारण. तळेगावला औद्योगिक विकास महामंडळाने फुलशेतीसाठी वेगळी जागा दिली. कृषी पणन मंडळाचे प्रशिक्षण केंद्रही तिथेच झाले. २००५-०६मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले आणि अनुदानामुळे दहा-वीस गुंठेवाल्या शेतकऱ्यालाही हरितगृह आवाक्यात वाटू लागले. फुलांचा भाव पडला की लोक ढोबळी मिरचीकडे वळत. हिरवीला ‘इंद्रा’, लालला ‘बॉम्बे’, पिवळीला ‘ओरोबेल’ ही वाणांची नावे इथे घरोघर माहीत झाली. मूळची अमेरिका खंडातली ही झाडे. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली आणि आपली होऊन गेली. ढोबळी मिरची मागाहून आली आणि उत्तरेच्या डोंगरांवर रुजल्याने तिला सिमल्याचे नाव चिकटले. मावळच्या उघड्या रानात पावसाळ्यात ती टिकत नाही. मूळ पाण्यात बुडाले की सडते.

छपराखाली तिचे वागणे नत्राच्या अभ्यासासाठी एखाद्या प्रयोगासारखेच आहे. तिच्या खोडाला ठरावीक पानांनंतर दोन फाटे फुटतात आणि फाट्याच्या बेचक्यात कळी येते. पुढे प्रत्येक फाट्याला पुन्हा फाटा आणि पुन्हा कळी. म्हणजे वाढ आणि फळ एकाच जागी, एकाच वेळी अन्नासाठी भांडतात. नत्र कमी पडले तर झाड खालच्या जुन्या पानांतले नत्र काढून शेंड्याला देते. म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. फाटे थोडे फुटतात, फळे लहान आणि पातळ सालीची होतात, आणि पानांची सावली नसल्याने त्यांना ऊन लागते. नत्र वाढवत गेले की उत्पादन वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. मग रेघ सपाट होते आणि पुढे खाली वळते. जास्त नत्र मिळालेले झाड दिसायला देखणे असते. काळसर हिरवी, तळहाताएवढी पाने, जाड खोड. शेतकरी पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. पण बेचक्यातल्या कळ्या गळून खाली पडलेल्या असतात, कारण झाडाने भांडणाचा निकाल पानांच्या बाजूने दिलेला असतो. कोवळ्या रसाळ पानांवर फुलकिडे आणि कोळी येतात, शेंडे चुरगळतात आणि लोक म्हणतात बोकड्या आला.

नत्र कोणत्या रूपात दिले यालाही महत्त्व आहे. फळाच्या टोकाला करडा-काळा, खोलगट डाग पडतो, तो रोग नव्हे. तिथे कॅल्शियम पोचलेले नसते. मातीत कॅल्शियम असूनही असे होते, कारण मुळाशी अमोनियम फार झाले तर धन भाराचे हे दोन्ही कण आत शिरण्यासाठी स्पर्धा करतात आणि कॅल्शियम मागे राहते. म्हणून मिरचीला नत्राचा मोठा भाग नायट्रेटच्या रूपात, बराचसा कॅल्शियम नायट्रेटमधून, देतात. गंमत पाहा. शेजारच्या खाचरात नायट्रेट होऊ नये म्हणून पंचवीस हजार वेळा हात चिखलात घालायचा, आणि बांधाच्या अलीकडे तेच नायट्रेट पैसे मोजून विकत आणायचे. दोन्ही बरोबर आहे. खाचरात पाणी खाली जाते. छपराखाली जात नाही, निदान तेवढेच जाते जेवढे आपण नळीतून सोडू. थेंबाबरोबर रोजचे चाळीस मिलिग्रॅम पोचवता येतात ते त्या छपरामुळे. भर पावसात ठिबक कशाला, याचे उत्तर हे.

हे छप्पर सगळ्यांना परवडत नाही. दहा गुंठ्यांना लाखांत खर्च येतो, अनुदान धरूनही कर्ज राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडातून घाट चढून आले आणि मावळात कित्येक हरितगृहांचे प्लास्टिक फाटून गेले, काहींचे लोखंडी सांगाडे वाकले. टाळेबंदीने बाजार आधीच बंद होता.

दुसरी अडचण हळू येते, आणि मला बोलावणे येते ते बहुधा तिच्यासाठी. तीन-चार वर्षे चांगली गेली, आता खत तेच, पाणी तेच, पण झाडे वाढत नाहीत, पानांच्या कडा जळतात, असे शेतकरी सांगतो. वाफ्यावर पांढुरकी बुरशीसारखी पूड दिसते. ती बुरशी नसते, क्षार असतात. विद्राव्य खतातले जे झाडाने उचलले नाही ते तिथेच साचत गेलेले. मातीची विद्युतवाहकता मोजली की आकडा मर्यादेबाहेर निघतो. उघड्या रानात हे कधी झाले नसते. मावळच्या एका पावसाळ्याने सगळे धुऊन नेले असते.

अशा एका शेतकऱ्याला मी म्हणालो, प्लास्टिक बदलायचे वर्ष आले की जुने काढून टाका आणि जुलै-ऑगस्ट दोन महिने वाफे उघडे ठेवा. तो हसला. “सर, पाऊस नको म्हणून एवढं कर्ज काढलं, आणि आता पावसासाठी छप्पर काढू?” त्याचे पीक उभे होते आणि दोन महिने रिकामे ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. शेवटी आम्ही वेगळा मार्ग काढला. छपरावरचे पाणी पन्हाळीतून शेजारच्या शेततळ्यात जात होतेच. ते पाणी जवळजवळ क्षाररहित. आठवडाभर खत बंद करून ते ठिबकमधून एरवीच्या कितीतरी पट सोडायचे आणि वाफ्यांखालून चर काढून बाहेर काढायचे असे ठरले. धुवून जाणारे नायट्रेट खालच्या बाजूच्या भातखाचरात उतरणार होते. ते खाचर त्याच्या चुलत्याचे होते. चुलत्यांना त्याने आधी जाऊन सांगितले, आणि त्यांनी त्या वर्षी आपल्या इंद्रायणीला वरखताचा दुसरा हप्ता दिला नाही.